आलिशान मोटार आणि सामान्यांचा रस्ता

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी जर्मन बनावटीची मोटार कठड्यावर आदळली. टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासमवेत मागच्या आसनावर बसलेले एक सहप्रवासी यांचा त्या अपघातात अंत झाला. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु बचावले. मागे बसलेल्या दोघांनी आसनपट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर काही आठवडे देशभर आसनपट्ट्यांची चर्चा झाली आणि मग, आपल्याकडे बहुतेक चर्चांचे होते त्याप्रमाणे, ती विरून गेली.

त्या चर्चेत दोन सूर प्रामुख्याने ऐकू आले. एवढी किमती मोटार असूनही जीव वाचत नसेल तर तिचा उपयोग काय, असा एक. आणि ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या कुपोषित बालकांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, तेथून धावणाऱ्या धनिकांच्या मोटारींची चिंता सामान्यांनी का वाहावी, असा दुसरा. दोन्ही सूर समजण्याजोगे आहेत. परंतु दोन्हींत प्रश्नाचे मर्म निसटते. आलिशान मोटारीत नेमके काय असते, त्याची किंमत कोण मोजतो आणि त्याचे फळ सामान्य माणसाच्या पदरात केव्हा पडते, हा खरा प्रश्न आहे. तो जितका यंत्रशास्त्राचा, तितकाच अर्थशास्त्राचा आहे.

या वर्गातील मोटारीचा नमुना म्हणून मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या ‘एस क्लास’ या मोटारीकडे पाहता येईल. पुण्याजवळ चाकण येथे जुळणी होणाऱ्या या मोटारीची किंमत २०२१ मध्येच दीड कोटी रुपयांहून अधिक होती. लांबी सुमारे सव्वापाच मीटर. स्प्रिंगांऐवजी दाबाखालील हवेवर तोललेला सांगाडा, त्यामुळे खड्ड्याचा धक्का आसनापर्यंत पोहोचत नाही. एवढे लांब वाहन अरुंद जागेत वळावे म्हणून पुढच्या चाकांबरोबर मागची चाकेही काही अंशांत वळविण्याची सोय. अंग चोळणारी आसने, मंद दिवे, बोललेले ऐकणारी यंत्रणा, हे सारे आहेच. व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने ज्याला दिखाऊ उपभोग म्हटले, त्याचे हे ठळक उदाहरण होय, यात शंका नाही. मात्र या चैनीच्या वेष्टनाखाली आणखी एक यंत्र दडलेले असते, आणि ते मुळीच दिखाऊ नसते. बहुतेक मालकांना ते आयुष्यात एकदाही पाहावे लागत नाही.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारा माणूस एकाएकी थांबला, तर त्याच्या शरीरावर होणारा आघात सहा-सात मजली इमारतीवरून पडण्याइतका असतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. ती नाहीशी करता येत नाही. तिला वेळ आणि अंतर देऊन सौम्य करणे एवढेच यंत्रज्ञाच्या हाती असते. म्हणून मोटारीचे नाक मुद्दाम चुरगळेल असे आणि प्रवाशांचा कक्ष मुद्दाम ताठ राहील असा घडवतात. पूर्वी मोटार जितकी टणक तितकी सुरक्षित, असे मानले जाई. बेला बारेनी या अभियंत्याने १९५१ साली नोंदविलेल्या एकस्वाने ती समजूत उलटी केली. नाक चुरगळत असताना मोटारीला थांबण्यास अर्धा-पाऊण मीटर अंतर मिळते. आसनपट्टा प्रवाशाला कक्षाशी बांधून त्या अंतराचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचवितो. पट्टा नसेल तर मोटार थांबते, प्रवासी मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या कठीण वस्तूवर काही सेंटिमीटरांत थांबतो. अंतर दहापट घटले की आघात दहापट वाढतो. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत फुगते खरी. परंतु ती पट्ट्याची मदतनीस आहे, पट्ट्याला पर्याय नव्हे. सगळी कोट्यवधींची योजना त्या दोन हात लांबीच्या पट्टीवर अवलंबून असते, हे पहिल्या सुराला उत्तर होय.

दुसऱ्या सुराचे उत्तर इतिहासात आहे. घसरगुंडीच्या रस्त्यावर चाके जागीच अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा, म्हणजे एबीएस, १९७८ मध्ये याच एस क्लासमध्ये प्रथम ग्राहकांना मिळू लागली. चालकाची एअरबॅग त्याच मालिकेत १९८१ पासून आली. या शोधांचा प्रारंभीचा प्रचंड खर्च अशाच ग्राहकांकडून वसूल होऊ शकतो, ज्यांना किमतीची क्षिती नसते. या दृष्टीने आलिशान मोटार ही श्रीमंतांच्या वर्गणीवर चाललेली प्रयोगशाळा आहे. उत्पादन वाढते, दर नग खर्च उतरतो आणि काल चैन असलेली वस्तू आज साध्या मोटारीत बसू शकते. तीन ठिकाणी बांधला जाणारा आसनपट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे एकस्व इतरांना खुले ठेवले. एका कंपनीच्या त्या निर्णयाने वाचविलेल्या जिवांची गणती करणेही अवघड आहे.

परंतु ‘बसू शकते’ आणि ‘बसते’ या दोन क्रियापदांत बरेच अंतर आहे. १९७८ साली विक्रीस आलेली एबीएस यंत्रणा भारतातील सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी. चालकाच्या एअरबॅगची सक्तीही २०१९ चीच. शेजारच्या प्रवाशासाठी ती आणखी सुमारे अडीच वर्षांनी आली. हा विलंब तंत्रज्ञानाच्या अभावाचा नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या सर्वांत स्वस्त आवृत्त्या आदळवून पाहिल्या. पाचही मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांपैकी फोक्सवॅगनची पोलो ही मोटार चाकणलाच तयार होत असे. तिचाच दोन एअरबॅगा असलेला नमुना तपासला तेव्हा चार तारे मिळाले. सांगाडा भक्कम, कारखाना तोच, कामगार तेच. फरक होता तो केवळ किंमतपत्रिकेतील एका ओळीचा. कंपनीने त्यानंतर दोन एअरबॅगा सर्वच आवृत्त्यांत दिल्या. जे शून्य आणि चार यांच्यामधील अंतर इतक्या थोड्या खर्चात भरून निघते, ते इतकी वर्षे का राहू दिले गेले?

याचे उत्तर बाजाराच्या स्वभावात सापडते. ग्राहकाला रंग दिसतो, आसन दिसते, एका लिटरमध्ये किती अंतर कापले जाते तेही कळते. सुरक्षितता दिसत नाही. जे दिसत नाही त्यासाठी तो पैसे मोजत नाही, आणि तो मोजत नाही म्हणून कारखानदार देत नाही. शिवाय अपघाताचा सारा खर्च वाहन घेणाऱ्यावर पडत नाही. रुग्णालय, न्यायालय, कर्ता पुरुष गमावलेले कुटुंब, अर्धवट सुटलेले शिक्षण, हा भार समाज उचलतो. अशा ठिकाणी बाजार आपण होऊन योग्य प्रमाणात सुरक्षितता पुरवीत नाही, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक पाठ्यपुस्तकही सांगते. तेथे कायद्याने उतरावे लागते. केंद्र सरकारने सहा एअरबॅगांचा प्रस्ताव जानेवारी २०२२ मध्ये मांडला, चारोटीच्या अपघातानंतर त्याच महिन्यात तो एक वर्ष पुढे ढकलला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्तीचा विचार सोडून दिला. मोटारींना तारे देणारी ‘भारत एनकॅप’ ही योजना ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ती ऐच्छिक आहे.

तारापूरच्या वाचकांना या संदर्भात एक तुलना सहज पटेल. १९६९ पासून तेथे अणुवीज निर्माण होत आहे. अणुभट्टीची सुरक्षितता एकावर एक अशा अनेक कवचांची असते. इंधनाचे आवरण, जाड पोलादी पात्र, बाहेरची काँक्रीटची इमारत, आणि एक यंत्रणा बिघडली तर तिची जागा घेणारी दुसरी. चांगल्या मोटारीतही हेच तत्त्व असते : ब्रेक, चुरगळणारे नाक, ताठ कक्ष, पट्टा, एअरबॅग. फरक इतकाच की, अणुभट्टीची कवचे किती असावीत हे विजेच्या ग्राहकाच्या ऐपतीवर सोडलेले नाही. कमी कवचांची स्वस्त वीज आणि अधिक कवचांची महाग वीज असा पर्याय बोईसरच्या घरमालकापुढे कोणी ठेवीत नाही. मग त्याच बोईसरच्या रस्त्यावर तो का असावा?

आणि रस्त्यावर मरतो कोण, हेही पाहिले पाहिजे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरील ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के. मोटार, टॅक्सी व तत्सम हलक्या वाहनांतील प्रवाशांचा वाटा आठव्या भागाइतका होता. आसनपट्टा न बांधल्याने १६ हजार ७१५ जण गेले, तर शिरस्त्राण न घातल्याने ५० हजारांवर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहाटेच्या पाळीला दुचाकीवरून जाणारा कंत्राटी कामगार, चिल्हार फाट्याकडे धावणाऱ्या अवजड मालमोटारींच्या बाजूने सायकल रेटणारा विद्यार्थी, मनोरच्या चौकात महामार्ग ओलांडणारी आदिवासी स्त्री, यांना चुरगळणारे नाकही नाही आणि एअरबॅगही नाही. त्यांच्यासाठी सुरक्षितता म्हणजे रस्ता स्वतः. पदपथ, दिवे, ओलांडण्याची जागा आणि वेगावर नियंत्रण.

येथे आलिशान मोटारीचे यंत्रशास्त्र पुन्हा उपयोगी पडते, कारण त्याचे मूलतत्त्व रस्त्यालाही लागू आहे. माणूस चुकणारच, असे गृहीत धरून चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी योजना करणे, हे ते तत्त्व. चारोटीच्या पुलापाशी तीन मार्गिकांच्या दोन होतात, याकडे अपघातानंतर तज्ज्ञांनी लक्ष वेधले होते. जो रस्ता भरवेगात अरुंद होतो आणि समोर उघड्या काँक्रीटचे टोक ठेवतो, तो चुकीला क्षमा करीत नाही. कठड्याच्या टोकाला आघात शोषणारी, चुरगळणारी रचना बसविणे म्हणजे रस्त्याला ‘नाक’ देणेच होय. हे नाक मोटार कोणाची आहे हे विचारीत नाही.

या खर्चाला पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आणि छोट्या मोटारींवर १८ टक्के झाला. चैनीवर अधिक कर हे तत्त्व योग्यच आहे. परंतु हा भेद ठरतो तो मुख्यतः लांबी आणि इंजिनाची क्षमता पाहून. मोटार आपल्या प्रवाशांना वाचविते की नाही, याला त्या हिशेबात स्थान नाही. अधिक तारे मिळविणाऱ्या छोट्या मोटारीला करात थोडी सवलत, आणि मोठ्या मोटारींवरील कराचा निश्चित हिस्सा महामार्गावरील धोक्याच्या जागा दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवणे, या दोन सुधारणा सरकारला अवघड नाहीत. प्रयोगशाळेची वर्गणी श्रीमंतांनी भरली. तिच्या निष्कर्षांचा प्रसार करणे हे राज्याचे काम आहे.

नागरिकांचे कामही उरतेच. मागच्या आसनावर पट्टा बांधण्याचा नियम चारोटीच्या अपघातापूर्वीही अस्तित्वात होता आणि तो मोडल्यास एक हजार रुपये दंडही होता. पाळणारे थोडे आणि पाळावयास लावणारे त्याहून थोडे. दंड चुकविण्यापुरता पट्टा आणि पोलीस दिसेपर्यंत हातात लटकविलेले शिरस्त्राण, ही आपली सवय कोणत्याही कारखान्यात दुरुस्त होत नाही. ती शाळा-महाविद्यालयांतून आणि घराघरांतून बदलावी लागेल. मात्र या सवयीकडे बोट दाखवून राज्याला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. एस क्लासमधील अंग चोळणारे आसन खुशाल श्रीमंतांचेच राहो. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. जीव वाचविणारे ज्ञान मात्र ४१ वर्षे त्यांच्याच दाराशी थांबून राहणे, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला परवडणारे नाही.