नमुना

आमच्या समूहाचे अंकल दर बैठकीत एकदा तरी सांगतात, "आधी मी नमुना बनलं पाहिजे, मग तुम्ही." मी मनापासून मान डोलावतो. स्वतःबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस विरळाच.

जुन्या मराठी बायबलात पौल तरुण तीमथ्याला विश्वासणाऱ्यांचा 'कित्ता' व्हायला सांगतो. कित्ता म्हणजे पोरांनी गिरवायची वरची ओळ. ती बिचारी गप्प पडून असते. आमच्या भाईंदरला येईपर्यंत कित्त्याचा नमुना झाला आणि नमुन्याला तोंड फुटलं.

समूहाची कल्पना वाईट नव्हे बरं का. मोठ्या धर्मग्रामात रविवारी मिस्साला शेजारच्या बाकावर कोण बसलंय याचा पत्ता नसतो. म्हणून गल्लीतल्या घरांनी आलटून पालटून एकमेकांकडे जमायचं, शुभवर्तमान वाचायचं, आजाऱ्याची विचारपूस करायची. याला छोटा ख्रिस्ती समूह म्हणतात, आणि तो चालवणाऱ्याला अ‍ॅनिमेटर. म्हणजे चैतन्य ओतणारा. माझ्या पुतण्याला वाटलं, कार्टून काढणारा. मी त्याची समजूत काढली नाही.

आमचे अ‍ॅनिमेटर म्हणजे अंकल. अंकलचं चारित्र्य खणखणीत आहे, असं अंकल म्हणतात. सिगारेट नाही, दारू नाही, पांढरा सदरा, आवाजात सदैव नोव्हेना. पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुतात त्यांत यांचा पाय ठरलेला, आणि तो घरून घासूनपुसून आणलेला. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांनाही घ्यायची मोकळीक दिली, तेव्हा अंकलना परंपरेची जी काळजी वाटू लागली! परंपरेची की खुर्चीची, ते विचारू नका.

आमच्या बैठकीत सात पायऱ्या असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची ही पद्धत. प्रभूला बोलवा, उतारा वाचा, भिडलेले शब्द पुन्हा म्हणा, शांत बसा, मनातलं सांगा, सहावीवर आपण काय काम करायचं ते ठरवा, सातवीवर प्रार्थना करा. आम्ही पाचवीवरून थेट सातवीवर उडी मारतो. सहाव्या पायरीवर काम असतं ना! सातवीनंतर मात्र समोसे असतात, ती पायरी आजवर कुणाची चुकलेली नाही.

तर मागे एकदा बैठक अंकलकडेच होती. संध्याकाळचे सात. योहानाचा चौथा अध्याय, विहिरीवरची शोमरोनी बाई. अंकल जिवंत पाण्यावर असे बोलले की मलाच तहान लागली. मग चौथी पायरी. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मेणबत्ती तेवतेय, गाढ शांतता. आणि स्वयंपाकघरातून घर्रर्रर्र.

मोटर. नळाच्या लाइनला थेट जोडलेली.

मीरा-भाईंदरच्या माणसाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. आधीच करंगळीएवढी धार, त्यात पहिल्या घराने ओढलं की गल्लीच्या टोकाचा नळ नुसता फुसफुसतो. त्या टोकाच्या घरातल्या आजी अंकलच्या समोरच बसल्या होत्या. जपमाळ हातात, डोळे मिटलेले. शोमरोनी बाईला निदान विहीर तरी होती.

पौलाने त्याच तीमथ्याला लिहून दिलेली यादी मी काढून पाहिली. मंडळीचा अध्यक्ष दारुडा नसावा, भांडकुदळ नसावा, पैशाला हपापलेला नसावा. इथवर अंकल पास. पण त्याच यादीत तो म्हणतो की बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं हवं. बाहेरच्या! म्हणजे दूधवाल्याला विचारा, मच्छीवालीला विचारा, मोलकरणीला विचारा. हा पेपर अंकलना कधी कुणी दिलाच नाही.

आणि घरातल्यांना विचारा. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, कवी म्हणून गाजले, 1917 साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. पण माणूस म्हणून ते कसे होते ते कळतं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त. त्यांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, घरातलं उचलून देऊन टाकायची खोड, बाईंनी काहीएक झाकलं नाही. पोटभर हसल्या. तरी टिळक तसूभर लहान होत नाहीत. आमच्या आंटींनी उद्या लेखणी उचलली तर? आंटी समोसे तळतात आणि काही बोलत नाहीत. आंटींना सगळं ठाऊक आहे.

माझा उत्तनचा मामा तांडेल होता. समूहाचा लीडर त्याला स्वप्नातही कुणी केलं नसतं. तोंडात शिव्या अशा की पाद्रीबुवा रस्ता बदलत. पण होडी किनाऱ्याला लागली की खलाशांचे वाटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि स्वतःचा सगळ्यांत शेवटी. 'नमुना' हा शब्द त्याने फक्त दुसऱ्यांसाठी वापरला.

असो. त्या संध्याकाळी मी मोडक्या सहाव्या पायरीवर पाय ठेवला. म्हटलं, "अंकल, आज काम ठरवूया का? मोटर काढायची." समोसे हवेत थबकले. आजींनी एक डोळा उघडला. अंकल प्रसन्न हसले, अगदी कॅलेंडरवरच्या संतासारखे. म्हणाले, "चांगला विषय आहे. यावर आपण प्रार्थना करूया."

प्रार्थना केली. ती ऐकलीही गेली असावी, कारण पुढच्याच आठवड्यात बदल झाला. पाणी सातला येतं आणि आठला जातं. बैठक आता साडेआठला असते.