दूध येतें आणि इंटरनेट जातें

छत्तीस वर्षें शाळेंत मुलांचे कान धरणाऱ्या मास्तराचा कान घरांतल्याच सतरा वर्षांच्या मुलीनें धरावा, हा प्रसंग कांहीं नित्याचा नव्हे. गेल्या आषाढांत तो आमच्यावर आला. आणि ज्या निमित्तानें आला तें आज घरोघर आहे, म्हणून येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आम्ही अंबाजोगाईस राहतों. आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आणि दासोपंतांची पासोडी यांमुळें हें गांव मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. आमचें घर जुनें, माळवदाचें. भिंती दीड हात जाड. या घरांत दोन वर्षांपूर्वीं फायबरचें इंटरनेट आलें. त्याची पेटी, जिला राऊटर म्हणतात, ओसरीवर बसविली. संगणक स्वयंपाकघरापलीकडील खोलींत. पुण्यास असलेल्या कन्येचीं दोन मुलें व त्यांचे तीन सवंगडी यांस आम्ही रोज रात्रीं आठ ते नऊ संगणकावरून संस्कृत शिकवितों. निवृत्त मास्तरास पुन्हां वर्ग मिळणें म्हणजे काय, हें मास्तरच जाणे!

परंतु आषाढ लागला आणि वर्ग मोडूं लागला. देव शब्दाची द्वितीया चालवावी, तों मुलांचे चेहरे चित्राप्रमाणें थिजावे, आवाज तुटावा, आणि दोन मिनिटांनीं सर्व पूर्ववत् व्हावें. कधीं तर चार-पांच मिनिटें कांहींच नसावें.

आमची नात यंदा बारावीस आहे. त्याच वेळीं ती शेजारच्या खोलींत मोबाइल घेऊन बसे. हिच्या चित्रें पाहण्यापायीं आमचें इंटरनेट आटतें, असें आम्हीं मनाशीं ठरवून टाकिलें. एके रात्रीं वर्ग तीनदां तुटला, तेव्हां तडक उठून तिच्या हातांतला मोबाइल काढून घेतला, कपाटांत ठेविला आणि किल्ली जानव्यास अडकविली. ती एवढेंच म्हणाली, "आजोबा, मी पाठ दुपारींच उतरवून घेतला होता. आत्तां इंटरनेट वापरतच नव्हतें." आम्हांस तें उलट उत्तर वाटलें. सीईटीच्या सराव-परीक्षा ती त्या मोबाइलवरच देत असे. आठ दिवस तिला त्या देतां आल्या नाहींत. आणि आठ दिवस ती आमच्याशीं कामापुरतेंच बोलली.

मोबाइल कपाटांत, किल्ली आमच्या जानव्यास. आणि वर्ग मात्र पूर्वींप्रमाणेंच तुटत होता!

तर्काचा पहिला धडा असा कीं, कारण असेल तेथें कार्य असतें हा अन्वय, व कारण नसेल तेथें कार्य नसतें हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावांचून कारण सिद्ध होत नाहीं. कारण काढून घेतलें तरी कार्य होतच राहिलें, तर तें कारणच नव्हे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गांठ पडली, यावरून कावळ्यानें फांदी मोडली असें म्हणतां येत नाहीं. काकतालीय न्याय तो हाच. तो आम्हीं कित्येक पिढ्यांस समजावून दिला, आणि स्वतःच्या घरीं मात्र कावळ्यास शिक्षा ठोठावून मोकळे झालों.

नवव्या दिवशीं मोबाइल तिच्यापुढें ठेविला आणि म्हटलें, "बाळ, चूक आमची झाली." साठी उलटलेल्या माणसास हें वाक्य किती जड जातें, तें ज्यांनीं उच्चारिलें असेल त्यांसच ठाऊक. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आतां खरें कारण शोधूं या." तिनें एक जुनी वही आणून पांच रकाने आंखले: तारीख, वेळ, किती मिनिटें, पेटीवरील दिवे, आणि त्या वेळीं घरांत काय चाललें होतें.

दिव्यांचा रकाना कशासाठीं, तें सांगितलें पाहिजे. फायबर म्हणजे केंसासारखा बारीक कांचेचा तंतु. त्यांतून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. आंतल्या आंत त्याचें पूर्ण परावर्तन होत जातें, म्हणून तो बाहेर सांडत नाहीं. शुद्ध कांचेच्या अशा तंतूंतून दूरवर संदेश नेतां येतील, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं मांडिलें, व त्या कार्याबद्दल २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तंतु तुटला किंवा फार वांकला कीं प्रकाश पोंचत नाहीं, आणि पेटीवर 'एल्ओएस्' हा दिवा तांबडा होतो. तसें झाल्यास घरांत खटपट करणें व्यर्थ. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या माणसासच बोलवावें. आमच्या वहींत तांबड्या दिव्याची नोंद एकदांही झाली नाहीं. अर्थात् बाहेरची तार निर्दोष ठरली.

आठ दिवसांनीं वही वाचली, तों एक नव्हे, दोन रोग निघाले. मोठा खंड पडे तेव्हां पेटीवरील सर्व दिवे विझून एकामागून एक पुन्हां लागत. म्हणजे पेटीच बंद पडून नव्यानें चालूं होई. पावसाळ्यांत वीज जाई, इन्व्हर्टर तिची जागा घेई. त्या निमिषार्धांत दिवा केवळ लुकलुके, परंतु पेटीस तेवढाही उपवास सोसत नसे.

लहान खंडाच्या वेळीं मात्र सर्व दिवे शांतपणें लागलेले. वेळ बहुधा साडेआठची. शेवटच्या रकान्यांत सहा दिवस नातीच्या अक्षरांत एकच नोंद होती: 'आजोबांचें दूध'.

आमच्या घरीं साडेआठास आमच्यासाठीं पेलाभर दूध मायक्रोवेव्हमध्यें तापवितात. वाय-फायच्या लहरी सेकंदास सुमारें २४० कोटी आंदोलनें करितात. मायक्रोवेव्हच्या लहरी सुमारें २४५ कोटी. दोघींचा मार्ग जवळजवळ एकच. राऊटर वॉटच्या दहाव्या हिश्शाएवढ्या बळानें बोलतो, तर मायक्रोवेव्ह शेंकडों वॉटनें गर्जतो. त्याच्या दारांतून जो अल्प अंश निसटतो, त्यानें माणसास अपाय होत नाहीं. पण नगाऱ्यापुढें टिमकी ऐकूं येऊं नये, तशी वाय-फायची गत होते. त्यांतून आमचें यंत्र नेमकें पेटी आणि संगणक यांच्या मध्यें!

तरीही या वेळीं आम्ही एकदम निकालावर गेलों नाहीं. पेल्यांत पाणी ठेवून यंत्र चार वेळां चालविलें. चारही वेळां खंड पडला. चार वेळां बंद ठेविलें. एकदांही पडला नाहीं. नंतर पेटीपासून संगणकापर्यंत साधी तार ओढली आणि यंत्र चालूं ठेवून पाहिलें. वर्गास धक्काही लागला नाहीं. अन्वय जुळला, व्यतिरेक जुळला, आणि आरोपी म्हणून आमचा स्वतःचाच पेला उभा राहिला.

उपाय स्वस्तांत झाला. ती तार तशीच कायम केली. हल्लींच्या पुष्कळ पेट्यांत ५०० कोटी आंदोलनांचा दुसरा मार्गही असतो व त्यास मायक्रोवेव्हची बाधा होत नाहीं. परंतु जाड भिंतींतून तो लवकर क्षीण होतो, म्हणून आमच्या घरीं तारच बरी. पेटीस यूपीएस नांवाचा छोटा बॅटरीचा डबा जोडला, त्यायोगें वीज गेली तरी ती जागीच राहते. गेल्या दोन महिन्यांत वर्ग मोडला नाहीं.

ज्या वाचकांस हा त्रास असेल त्यांस इतकेंच सुचवितों: आधीं आठ दिवस नोंद ठेवावी, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, कारण दोन बदलल्या तर गुण कशानें आला तें कळत नाहीं, आणि एकदां तरी तारेनें जोडून पाहावें, म्हणजे दोष वाय-फायचा कीं त्यामागचा, याचा उलगडा होतो. घरांतल्या माणसावर संशय घ्यावयाचाच असेल, तर तो वही भरल्यानंतर घ्यावा.

नातीचे बुडालेले आठ दिवस मात्र कोणत्याही तारेनें परत येत नाहींत. तेवढ्या सराव-परीक्षा ती आतां पहांटे उठून देते, आणि तिच्यासाठीं दूध आम्ही स्वतः तापवितों. अर्थात् गॅसवर.