भाडं, पावती आणि ताईचा अर्धा वाटा

परवा चोर्ला घाटातून डिचोलीला ताईकडे गेले. बेळगावहून नेलेला कुंद्याचा डबा उघडायच्या आतच भाच्याने आपलं गाऱ्हाणं उघडलं. भाचा म्हणजे आमच्या धाकट्या भावाचा मुलगा. मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे. रात्रपाळी असल्यामुळे डिचोलीहून रोजची ये-जा झेपेना, म्हणून पेडणे तालुक्यातल्या एका गावात खोली घेऊन राहतो. भाडं महिना सात हजार.

"आत्या, मालकाने एकदम दीड हजार वाढवले. म्हणतो, सरकार आता भाड्यावर टॅक्स घेतंय, तो मी कुठून भरू?"

"मग पावती मागून घे."

"पावती नाही, करारपत्रही नाही. पोलिसांनी विचारलं तर पाहुणा आहे म्हणून सांगायचं, असं बजावून ठेवलंय."

आता काय म्हणावं, वाचकहो! कराच्या नावाने भाडं वाढवायचं, आणि तोच कर भरावा लागू नये म्हणून पावती द्यायची नाही. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, निवृत्त शिक्षक. ते लगेच म्हणाले, "मालकावर कर बसला की तो भाडेकरूच भरतो, हे ठरलेलंच." मलाही आजवर तसंच वाटायचं. पण त्या दुपारी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब वेगळाच निघाला.

मुळात घरभाड्यावरचा कर काही आजचा नाही. १९६१च्या आयकर कायद्यात घरापासूनच्या उत्पन्नाचा स्वतंत्र भागच होता. अलीकडे बदललं ते एवढंच. काही मंडळी भाडं हे धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवून नाना खर्च वजा करत. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पाने ती वाट बंद केली, राहत्या घराचं भाडं घराच्याच रकान्यात दाखवायचं. भाडेकरूने कर कापून घेण्याची अट दरमहा पन्नास हजारांवर भाडं देणाऱ्यांना आहे, ती २०१७ची. भाच्याचा मालक यातल्या कशातही बसत नाही.

बरं, कर येतो तरी किती? सात हजारांप्रमाणे वर्षाचे ८४,०००. त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, ती आपण सोडून देऊ. उरलेल्याच्या ३० टक्के रक्कम दुरुस्ती-देखभालीपोटी सरळ वजा मिळते, खर्च केला असो वा नसो. राहिले ५८,८००. मालक २० टक्क्यांच्या टप्प्यात बसतो असं धरलं तरी कर ११,७६० आणि वर थोडा उपकर. आणि भाडेवाढ? दीड हजार गुणिले बारा, म्हणजे १८,०००! कर भरूनही मालकाच्या खिशात उरतील, आणि हा तर भरतच नाही.

मग तो एवढं मागू कसा शकतो? त्याचं उत्तर पेडण्यात आहे. डिसेंबर २०२२मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, जानेवारी २०२३पासून विमानं उतरू लागली, आणि भोवतालच्या गावांत खोली मिळणं मुश्कील झालं. किनाऱ्याकडे, हरमल-मांद्रे-मोरजीला, खोल्या पर्यटकांना दिवसावर जातात. नोकरदाराला महिन्यावर कोण देणार? भाच्याने नाही म्हटलं तर दारात दुसरा उभाच आहे. अशा ठिकाणी मालक कराच्या नावाने मागेल, पाण्याच्या नावाने मागेल, कुठलं ना कुठलं निमित्त काढेल.

आता ताईच्या डिचोलीकडे बघा. तिच्या परसात दोन खोल्या. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाले, फिटर आगाऊ पैसे देऊन राहायचे. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मग अटी घालून परवानगी मिळाली, आणि २०१८मध्ये पट्टेच रद्द होऊन पुन्हा कुलूप. त्या वर्षांत ताईच्या एका खोलीत नारळ आणि सरपण होतं. दुसरीचं भाडं तिने आपण होऊन पाचशेने उतरवलं, राहिलेलं माणूस जाऊ नये म्हणून. त्या वेळी सरकारने कर दुप्पट केला असता तर तो तिने कोणाकडून वसूल केला असता? स्वतःच सोसला असता. कायदा एक, राज्य एक, तालुकेही शेजारचे, तरी कराचा भार एकीकडे भाडेकरूवर पडला असता आणि दुसरीकडे मालकिणीवर. भाऊजींचं 'ठरलेलंच' काही खरं नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी चहा मागितला.

हाच वाद इंग्लंडातही चालला आहे. गोव्याची पुष्कळ माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेली. स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्ती आहे, आणि बरीचशी भाड्याच्या घरात. तिथे घरकर्जाचं व्याज भाड्यातून पुरतं वजा करण्याची मालकांची सवलत २०१७ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने काढून घेतली. आता एप्रिल २०२७पासून भाड्याच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा कर लागायचा आहे, तसं तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केलं. मालक म्हणतात, भाडी वाढतील. वाढतीलही. पण करामुळे किती आणि घरांच्या टंचाईमुळे किती, यावर तिकडच्या पंडितांचंही एकमत नाही.

आपल्याकडे मात्र पैशापेक्षा कागदाचं दुखणं मोठं. पावती नाही म्हणून भाच्याला राहण्याचा पुरावा नाही. गॅस घ्यायचा, बँकेत पत्ता बदलायचा, की पंचाईत. आणि गोव्यात मालक पावतीला भितो तो नुसत्या करामुळे नव्हे. १९६४चा कूळ कायदा, १९६८चा भाडेनियंत्रण कायदा, १९७५चा मुंडकार कायदा, या सगळ्यांची आठवण घराघरांत आहे. कागद दिला की घर गेलं, असं आजोबा सांगून गेलेले. भाडेनियंत्रणाची धास्ती मी समजू शकते, अकरा महिन्यांचा करार करण्याची पद्धत पडली त्यात तिचाही हात आहे. पण मुंडकाराची? त्या कायद्यात मुंडकार कोण नाही हेही लिहिलं आहे, आणि भाटकाराच्या घरात भाडं देऊन राहणारा मुंडकार होत नाही. म्हणजे भाड्याची पावती या बाबतीत मालकाचीच ढाल! हे ऐकून भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

कारण पावत्या ताईकडेही नव्हत्या. ते मी सांगायचंच टाळत होते.

तिच्याकडे आता सौंदत्तीकडचं कुटुंब राहतं, दोन्ही खोल्या मिळून आठ हजार. ती बाई दर पाच तारखेला येते आणि म्हणते, "अक्का, ई तिंगळ बाडगी तगोरी." ताई पैसे घेते आणि भाऊजींच्या हातात देते. तीस वर्षं असंच चाललंय. खोल्या झाडायच्या, चुना लावायचा, भाडेकरणीचं बाळंतपण निभवायचं ताईने, आणि भाडं भाऊजींचं.

भाच्याच्या निमित्ताने डिचोलीतल्या एका कर सल्लागाराला विचारायला गेलो, तर त्याने तिसरंच सांगितलं. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामाईक. म्हणून आयकर कायद्यात ५-अ नावाचं खास कलम घातलेलं, आणि २०२५च्या नव्या कायद्यातही ती तरतूद ठेवली आहे. पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडं दोघांचं निम्मं निम्मं. नवऱ्याच्या विवरणात अर्धं, बायकोच्या विवरणात अर्धं. बेळगावात आमच्या ह्यांच्या नावावरच्या घराचं भाडं आलं तर ते सगळं ह्यांचं. ताईला मात्र तिचा वाटा सरकारच लिहून देतं.

हिशेब मांडला. वर्षाचे ९६,०००, घरपट्टी १,६०० वजा जाता ९४,४००, त्यातून ३० टक्के गेले, राहिले ६६,०८०. ताईच्या वाट्याला ३३,०४०. तिचं दुसरं उत्पन्न नाही. नव्या पद्धतीत २०२५-२६पासून चार लाखांपर्यंत करच नाही. कर शून्य. भाऊजींच्या पेन्शनमध्ये त्यांचा वाटा मिळवला तरी बारा लाखांच्या सवलतीच्या कितीतरी खाली. ज्या कराच्या भीतीने इतकी वर्षं कोणाला पावती दिली नाही, तो एक रुपयाही नव्हता.

ताई बराच वेळ त्या ३३,०४० आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तीस वर्षांचे किती होतील गो?" भाऊजी उठून बागेला पाणी घालायला गेले.

भाच्याने पेडण्याची खोली सोडायचं ठरवलंय. बांद्याला एक खोली बघून ठेवलीय, करारपत्रासकट. मोपाला तिथून मोटारसायकलने जाईल.

मी निघायच्या दिवशी पाच तारीख होती. ताईने बाजारातून पावतीबुक आणलं होतं आणि एक रुपयाची रेव्हेन्यू तिकिटं, कारण पाच हजारांवरच्या रकमेला तिकीट लागतं. सौंदत्तीची बाई आली, पैसे मोजून दिले. ताईने हळूहळू अक्षर काढत पावती लिहिली, तिकिटावर आडवी सही केली, स्वतःची. त्या बाईने पावती दोन्ही हातांनी घेतली आणि विचारलं, "अक्का, मागच्या महिन्याचीपण देशील?"