आधी ‘थांब’, मग ‘चल’

तट्टू अंगाने लहान, म्हणून त्याला लवकर गाडीला जुंपावे असे पुष्कळांस वाटते. माझ्या मते ही घाई म्हणजे त्या मुक्या जिवावर अन्यायच होय. तीन-चार वर्षांचे होईपर्यंत त्याची हाडे पक्की झालेली नसतात. तोवर ओढीचा भार घालू नये. शिक्षणाचा आरंभ गाडीने नव्हे, तर साजाने व शब्दाने व्हावा. लांब लगाम धरून मागून चालावे आणि ‘चल’ या शब्दाआधी ‘थांब’ हा शब्द मनावर ठसवावा. मग चाकांचा खडखडाट प्रथम दुरून, पुढे जवळून ऐकवावा. हे न करता दांड्यांमध्ये उभे केलेले जनावर भ्याले की उधळते. आणि ज्याला भिऊन ते पळते, ती गाडी तर त्याच्याच पाठीशी बांधलेली! जितके धावेल तितका आवाज वाढतो. तेथे चाबूक उगारणे म्हणजे भयात भरच घालणे. अशी बसलेली धास्ती पुष्कळदा जन्मभर जात नाही. ओढकामाच्या जनावरांकडून दिवसाकाठी ९ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे १९६५ चे सरकारी नियम सांगतात. परंतु शिकविताना धीर धरावा, हे मात्र आपल्या अंतःकरणानेच आपल्याला सांगितले पाहिजे.