वाणिज्यदूताची भेट ही मेहेरबानी नव्हे!

२५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत एक मराठी माता आपल्या पुत्राला काचेच्या भिंतीआडून भेटली. भेटीपूर्वी कुलभूषण जाधव यांच्या आई आणि पत्नी यांना मंगळसूत्र, बांगड्या आणि टिकली उतरवायला लावण्यात आली. आई मातृभाषेत बोलू लागली, तेव्हा तिला अडविण्यात आले. पाकिस्तानने याला ‘मानवता’ असे नाव दिले! जो हक्क कायद्याने देणे बंधनकारक होते तो नाकारायचा आणि वर मानवतेचा टेंभा मिरवायचा, हे त्या देशाच्या परंपरेला साजेसेच झाले.

हा हक्क कोणता? राजदूत हा राष्ट्राचा प्रतिनिधी असतो, तर वाणिज्यदूत हा परदेशी गेलेल्या सामान्य नागरिकाचा आधार. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार पारपत्र देणे, दस्तऐवज प्रमाणित करणे, संकटातील देशबांधवाला साहाय्य करणे ही त्याची कामे. त्याला राजदूतासारखे संपूर्ण कवच नाही. केवळ पदाच्या कर्तव्यापुरतेच संरक्षण आहे. मात्र कलम ३६ ने त्याच्या हाती एक मोठा अधिकार दिला आहे. अटकेतील स्वदेशीयास भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा आणि त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा.

जाधवांना मार्च २०१६ मध्ये अटकेत घेतल्यानंतर भारताने वारंवार मागणी करूनही हा अधिकार नाकारण्यात आला. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने फाशी ठोठावली. हेराला कसली भेट, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो १५ विरुद्ध १ मताने धुडकावला. हेरगिरीच्या आरोपाचा अपवाद त्या करारात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

आता तुलना पाहा. कसाब शस्त्रासह मुंबईत पकडला गेला. त्याने आपल्या देशाच्या उच्चायुक्तालयाला लिहिलेले पत्र भारताने डिसेंबर २००८ मध्ये स्वतः पाकिस्तानच्या हाती दिले. तो आपला नागरिक असल्याचे मान्य करायलाच पाकिस्तानला जानेवारी २००९ उजाडावा लागला! त्याच्यावर नागरी व्यवस्थेतील न्यायालयात खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करता आले. सभ्य राष्ट्र कशाला म्हणतात, याचे वेगळे उत्तर शोधायला नको.

सुटका झाली नाही, मग मिळविले काय, असे विचारणारे आपल्याकडेही आहेत. त्यांनी ध्यानात घ्यावे की, हाच निकाल फाशीच्या दोरासमोर उभा राहिला. परंतु निकाल कागदावर राहिला तर व्यर्थ, हेही तितकेच खरे. १६ जुलै २०२० च्या भेटीत पाकिस्तानी अधिकारी जवळच उभे होते, कॅमेरा समोर होता आणि वकील नेमण्यासाठी जाधवांची लेखी संमती घेण्यास भारतीय अधिकाऱ्यांना मज्जाव झाला. याला भेट म्हणायचे की नाटक?

महासत्तेचीही कथा निराळी नाही. १९७९ मध्ये तेहरानमधील आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अमेरिका याच न्यायालयात गेली. आणि मेक्सिकोच्या कैद्यांच्या बाबतीत २००४ मध्ये निकाल विरोधात जाताच २००५ मध्ये त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करणाऱ्या पूरक करारातून बाहेर पडली. करार बलवानाला सोयीचा असेल तोवरच पवित्र! म्हणून आपल्या नागरिकासाठी अविरत पाठपुरावा करणारे सामर्थ्यवान शासन आणि जागरूक समाज हेच त्या कराराचे खरे रक्षक.

समाजाच्या जागरूकतेचा आरंभ घरातून व्हावा. कोकणातून आखातात जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला एक गोष्ट सांगून पाठवा. अटक झाल्यास आपल्या वकिलातीला कळविण्याची मागणी स्वतः करावी लागते; करारातील सूचनेचे बंधन त्या मागणीवरच अवलंबून आहे. पारपत्राची प्रत घरी ठेवा, वकिलातीचा दूरध्वनी लिहून ठेवा. हक्क ठाऊक नसलेला माणूस मेहेरबानी मागतो. ठाऊक असलेला हक्क बजावतो. भारतीयाने मेहेरबानी मागू नये.