कुंकू माझे, निर्णयही माझा

‘विधवांनी लोकभावनेचा मान राखावा’ हे पत्र वाचले. कुणाची लोकभावना? पतीच्या तेराव्यानंतर कुंकू लावून मी दारात आले, तेव्हा हात थरथरत होते. शेजारणीने मान फिरवली. पुढे हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. ते अजून बोचते. तरी कुंकू पुसले नाही. लग्नाआधी, शाळेत जातानाही मी ते लावतच होते!

१८९३ मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून धोंडो केशव कर्वे यांना त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी वाळीत टाकले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मात्र विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. लोकभावना बदलते. पत्रलेखकांनी येत्या संक्रांतीला आपल्या घरचे पहिले बोलावणे एखाद्या विधवेला पाठवावे, ही विनंती.

— एक वाचक, इचलकरंजी