शाळेच्या दारापर्यंत नव्हे, शाळेच्या कारभारापर्यंत



मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढविले आणि दप्तर घेऊन दिले की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत आपल्या अनेक घरांत अजून आहे. ‘पुढचे गुरुजी बघतील’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ही समजूत बौद्ध कुटुंबास शोभणारी नाही आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासास तर मुळीच शोभणारी नाही.

१८९२ साली दापोलीच्या महार पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. त्यांच्याजवळ मताचा हक्क नव्हता की संविधान नव्हते. होता तो केवळ मुलांना शिकविण्याचा निर्धार. त्या काळी ज्या शाळा अस्पृश्यांची मुले घेत, त्याही त्यांना बहुधा ओटीवर बसवीत. तरीही त्या आईबापांनी शाळेचा पिच्छा सोडला नाही.

सुभेदार रामजी सकपाळ याच जिल्ह्याचे. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. पेन्शनीनंतर काही काळ त्यांचे बिऱ्हाड दापोलीस होते. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत त्यांनी भीमरावांचा अभ्यास स्वतः करवून घेतला. पुस्तकास पैसे नसले तर विवाहित लेकींचे दागिने मागून आणून ते गहाण ठेविले. शाळेत बाबासाहेबांना वेगळे बसावे लागले. त्या शाळेने जे दिले नाही ते बापाने घरी दिले.

कोणी म्हणेल, रामजीबाबा लष्करी शाळेत शिक्षक होते. आम्ही निरक्षर, आम्ही काय शिकविणार? शिकविता येत नसेल, पण विचारता तर येते! आज काय शिकविले, कोठे बसविले, कोण काय बोलले, हे मुलास रोज विचारा. संध्याकाळी तासभर बौद्धवाडीतील मुले विहारात अभ्यासास बसवा. वाडीतील जो कॉलेजात गेला असेल त्याने त्यांच्याजवळ बसावे आणि त्या तासात घरातील टीव्ही बंद राहावा.

आता कायद्याचे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ अन्वये सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिचे किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख करणे, विकासाचा आराखडा करणे, अनुदान कोठे खर्च होते ते पाहणे, हे तिचे काम. दापोलीच्या पेन्शनरांना दाराशी अर्ज करावा लागला. आपल्यासाठी कायद्याने आत जागा राखली आहे. ती रिकामी का?

आपल्या कोकणात बाप मुंबईस नोकरीला आणि आई भातलावणीला, म्हणून सभेस कोणी जात नाही. मग वही घरी येते आणि न वाचता सही होते. वकिलीत मी अशा सह्यांचे परिणाम पुष्कळ पाहिले आहेत. न वाचता केलेली सही म्हणजे आपला हक्क आपल्याच हाताने दुसऱ्यास लिहून देणे होय! म्हणून मातांनो, सभेस तुम्ही जा. मजकूर वाचून घ्या. मत वेगळे असेल तर ते वहीत लिहवून घ्या. मुलास भेदाची वागणूक मिळाली तर नुसते भांडून परत येऊ नका. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत तिचा निकाल दिला पाहिजे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलास पापापासून आवरणे, सन्मार्गास लावणे आणि विद्या-कला शिकविणे ही त्यांतील पहिली तीन. ही कर्तव्ये आईबापांची आहेत, केवळ गुरुजींची नव्हेत. १९५६ साली नागपुरास बाबासाहेबांनी जो धम्म आपल्या हाती दिला, तो वंदनेपुरता नव्हता. येत्या सभेची तारीख आजच शाळेत विचारून या आणि त्या दिवशी आपल्या जागेवर जाऊन बसा.

जय भीम!